एक ओळख, अनेक दारे

(नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे येथे सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

नरडाण्याच्या रेल्वे स्थानकावर नागपूरचे तिकीट काढणारा उतारू एकाच प्रवासात दोन रेल्वेंच्या हद्दीतून जातो. उधना-जळगाव मार्गावरील नरडाणा हे पश्चिम रेल्वेचे स्थानक. जळगावच्या पुढे मध्य रेल्वेचा कारभार सुरू होतो. तथापि जळगावास गाडी बदलताना त्या उतारूस पुन्हा खिडकीवर जाऊन पैसे भरावे लागत नाहीत. मध्य रेल्वेच्या तिकीट तपासनिसाने नरडाण्याच्या खिडकीवरील कारकुनास कधी पाहिलेले नसते. तो केवळ तिकीट पाहतो. ते कोणी दिले, कोठून कोठपर्यंतचे आहे, आजच्या तारखेचे आहे की नाही, एवढे तपासले की त्याचे काम भागते.

शासकीय संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र प्रत्येक स्थानकावर नवे तिकीट काढण्याची रीत दीर्घकाळ रूढ आहे. ग्रामपंचायतीच्या नियोजनासाठी व हिशेबासाठी ई-ग्रामस्वराज, दाखल्यांसाठी आपले सरकार, शाळेच्या माहितीसाठी यू-डायस प्लस, शिक्षकांच्या वेतनासाठी शालार्थ, शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी, अशी ही संकेतस्थळे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या विभागांनी उभारली. प्रत्येकाने आपले स्वतंत्र दार केले, स्वतंत्र कुलूप लावले व स्वतंत्र किल्ली दिली. परिणाम सर्वांस परिचित आहे. परवलीचे शब्द, म्हणजेच पासवर्ड, लक्षात राहीनात, म्हणून ते वहीच्या मागच्या पानावर उतरले. वहीवरून संगणकाच्या पडद्याशेजारी चिकटविलेल्या चिठ्ठीवर गेले. आणि तेथून, 'अमुक भाऊ, तेवढी माहिती भरून टाका' असे म्हणत, दूरध्वनीवरून दुसऱ्याच्या हाती गेले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दहा किल्ल्या एकट्याने सांभाळणे मनुष्यस्वभावास जड जाते.

या अडचणीवर जो उपाय जगभर रूढ झाला आहे त्यास एकल प्रवेश, म्हणजे सिंगल साइन-ऑन, असे म्हणतात. उपायाचे सार एवढेच की, 'ही व्यक्ती कोण' हे ठरविण्याचे काम सर्व संकेतस्थळांकडून काढून एका विश्वासू ओळखकेंद्राकडे सोपवावयाचे आणि इतरांनी त्या केंद्राने दिलेले तिकीट मानावयाचे.

परवलीच्या शब्दाचा थोडा इतिहास

संगणकावर परवलीचा शब्द वापरण्याची प्रथा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९६०च्या दशकाच्या आरंभी रूढ झाली. एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरावयाचा, अशी व्यवस्था फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उभी केली होती. प्रत्येकाची कागदपत्रे खाजगी राहावीत म्हणून प्रत्येकास एक गुप्त शब्द देण्यात आला. त्याच दशकात एक गमतीचा, पण बोधप्रद प्रकार घडला. दोन फायलींचे संपादन एकाच वेळी चालू असता त्यांची अदलाबदल झाली आणि संगणक उघडणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी दिसू लागली. सर्वांची गुपिते एका ठिकाणी ठेवली म्हणजे काय होऊ शकते, हे त्या व्यवस्थेच्या बाल्यावस्थेतच कळून चुकले होते.

याच संस्थेत १९८३ मध्ये 'अथेना' नावाचा प्रकल्प सुरू झाला. शेकडो संगणक तारांनी जोडले गेले आणि प्रत्येक यंत्रापाशी नव्याने ओळख देत बसणे अशक्य होऊ लागले. तेव्हा केर्बेरोस ही पद्धती निघाली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दारावरील तीन तोंडांच्या श्वानाचे हे नाव. या पद्धतीने दिलेल्या ओळखीच्या पुराव्यास इंग्रजीत तिकीटच म्हणतात, हे नरडाण्याच्या उतारूस ऐकून बरे वाटावे. पुढे वेगवेगळ्या संस्थांची संकेतस्थळे एकमेकांवर विश्वास कसा ठेवतील याचे नियम ठरले. सॅमल या नियमावलीची दुसरी आवृत्ती २००५ मध्ये आली. ओऑथची दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये. तिच्यावर उभारलेली ओपनआयडी कनेक्ट ही पद्धती २०१४ मध्ये. नव्या संकेतस्थळांस या शेवटच्या पद्धतीचाच अधिक उपयोग होतो.

भारत सरकारने या कामी जी व्यवस्था केली तिचे नाव 'मेरी पहचान'. जुलै २०२२ मध्ये गांधीनगर येथील डिजिटल इंडिया सप्ताहात पंतप्रधानांच्या हस्ते तिचा आरंभ झाला. नागरिकास डिजिलॉकर, ई-प्रमाण किंवा जन परिचय यांपैकी एका खात्याच्या आधारे तिच्याशी जोडलेल्या शासकीय संकेतस्थळांवर जाता येते. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'परिचय' ही व्यवस्था आहे.

ओळख वेगळी, अधिकार वेगळा

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. खानदेशाचे या विषयाशी जुने नाते आहे. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यामुळे या भागातील पुष्कळांची अशी समजूत दिसते की, आधारचा बारा अंकी क्रमांक हीच सर्व दारांची किल्ली होय. तसे नाही. तो क्रमांक रेशन दुकान, बँक, शाळा अशा अनेक ठिकाणी दिलेला असतो. जे अनेकांस ठाऊक आहे ते गुपित होऊ शकत नाही आणि जे गुपित नाही ते किल्ली होऊ शकत नाही. क्रमांक व्यक्तीचा निर्देश करतो. समोर बसलेली व्यक्ती तीच आहे हे सिद्ध करण्यास अंगठा, परवलीचा शब्द किंवा भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी असे आणखी काही लागते. शिक्षकांनी एवढेही ध्यानी ठेवावे की, सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयानुसार आधार क्रमांक सादर करता आला नाही म्हणून कोणत्याही बालकास योजनेचा लाभ नाकारता येत नाही.

दुसरा गैरसमज याहून अधिक हानिकारक आहे. ओळख पटली म्हणजे अधिकार मिळाला, असे मानले जाते. वास्तविक तिकिटाने एवढेच कळते की ही व्यक्ती अमुक आहे. तिला देयक मंजूर करता येईल की केवळ पाहता येईल, हे त्या त्या संकेतस्थळानेच ठरवावयाचे असते. ओळखकेंद्राने माणूस ओळखावा, विभागाने अधिकार द्यावा. ही वाटणी नीट झाली नाही तर एकल प्रवेशाची सोय हीच मोठी गैरसोय ठरते.

दार जोडताना

एखाद्या विभागास आपले संकेतस्थळ ओळखकेंद्राशी जोडावयाचे झाल्यास कोणती कामे करावी लागतात, याची कल्पना केवळ तंत्रज्ञांस असून भागत नाही. निविदेवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यासही ती असावी.

प्रथम संकेतस्थळाची केंद्राकडे नोंद होते. केंद्र त्यास एक ओळखक्रमांक व एक गुप्त संकेत देते. संकेतस्थळ आपला परतीचा पत्ता, म्हणजे ओळख पटल्यावर माणसास कोठे परत पाठवावयाचे तो पत्ता, आगाऊ लिहून देते. हा पत्ता अक्षरशः जुळला पाहिजे. 'या नावाने सुरू होणारा कोणताही पत्ता चालेल' अशी सैल नोंद केली तर मधल्यामध्ये कोणी भामटा आपला पत्ता घुसवून दुसऱ्याचे तिकीट पळवू शकतो. गुप्त संकेत कंत्राटदाराच्या ई-मेलमध्ये किंवा सर्वांस दिसणाऱ्या संगणक-आज्ञावलीत ठेवू नये, हे सांगावयास नको. परंतु सांगावे लागते.

नंतरचा व्यवहार असा चालतो. मुख्याध्यापिका शाळेचे संकेतस्थळ उघडते. संकेतस्थळ तिला स्वतः काही न विचारता ओळखकेंद्राकडे पाठविते. ती तेथेच, आणि केवळ तेथेच, परवलीचा शब्द व ओटीपी देते. केंद्र तिला एक अल्पजीवी संकेत देऊन परत पाठविते. संकेतस्थळ तो संकेत आपल्या गुप्त संकेतासह थेट केंद्रास दाखविते व त्या बदल्यात सही केलेले तिकीट घेते. तिचा परवलीचा शब्द संकेतस्थळास कधीच कळत नाही. यामुळे दहा विभागांच्या दहा संगणकांत दहा ठिकाणी तो साठवून ठेवण्याचा धोका टळतो. त्याच दिवशी तिने दुसरे जोडलेले संकेतस्थळ उघडले तर केंद्र तिला आधीच ओळखत असल्यामुळे पुन्हा काही न विचारता नवे तिकीट देते.

तिकिटावरील सही म्हणजे कार्यालयीन शिक्क्याचा गणिती अवतार होय. शिक्का उमटविण्याची गुप्त किल्ली एकट्या केंद्रापाशी असते. शिक्का खरा की खोटा हे ताडून पाहण्याची उघड किल्ली सर्वांस दिलेली असते. संकेतस्थळाने चार गोष्टी प्रत्येक वेळी तपासल्या पाहिजेत: सही खरी आहे का, तिकीट योग्य केंद्राने दिले आहे का, ते याच संकेतस्थळासाठी आहे का, आणि त्याची मुदत संपली नाही ना. तिसरी तपासणी पुष्कळदा राहून जाते. सुरतेचे खरेखुरे तिकीट घेऊन कोणी नागपूरच्या गाडीत बसला तर तपासनीस त्यास उतरवितो. तेवढी दक्षता संकेतस्थळानेही घ्यावी. मुदतीच्या तपासणीसाठी संगणकाचे घड्याळ बरोबर असावे लागते. केर्बेरोसमध्ये पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेण्याचा प्रघात आहे. त्याहून अधिक फरक पडला की खरा माणूसही दाराबाहेर राहतो आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

सर्वांत कष्टाचे काम मात्र जुनी खाती जुळविण्याचे. एकच शिक्षक एका संकेतस्थळावर वडिलांच्या नावासह, दुसऱ्यावर आद्याक्षरांनी, तिसऱ्यावर इंग्रजी अक्षरयोजनेच्या वेगळ्या रूपात नोंदविलेला असतो. ज्या प्रदेशात एका गावात एकाच नावाचे चार पाटील सहज सापडतात तेथे नावावरून खाती जुळविणे म्हणजे एकाचे वेतन दुसऱ्याच्या नावे दाखविण्याची तयारी करणे होय. भ्रमणध्वनी क्रमांकावरूनही जुळवू नये. वापर थांबलेला क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्यास देते. शिक्षकांच्या बाबतीत शालार्थ क्रमांकासारखी न बदलणारी खूण आधारभूत धरावी आणि 'हे जुने खाते माझेच' असे त्या व्यक्तीकडून एकदा पडताळून घ्यावे. यास वेळ लागतो. वेळापत्रक आखणाऱ्यांनी तो आधीच धरावा.

एकच किल्ली कोणाच्या खिशात?

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयास हवे. दहा किल्ल्यांपैकी एक उसनी दिली तर एक दार उघडते. एकच किल्ली असेल आणि ती उसनी दिली तर सर्व दारे उघडतात. म्हणून एकल प्रवेश आणण्यापूर्वी किल्ली उसनी देण्याची सवय मोडली पाहिजे. ती तशीच ठेवून एकल प्रवेश आणला तर आजच्यापेक्षा परिस्थिती बिघडेल.

ग्रामपंचायतीच्या खर्चाचेच पाहावे. ई-ग्रामस्वराजवरून पैसे देताना एकाने देयक तयार करावे व दुसऱ्याने ते तपासून मंजूर करावे, अशी दोन डिजिटल सह्यांची योजना आहे. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, व सरपंच अशा दोन व्यक्तींची नजर प्रत्येक रुपयावर पडावी, हा तिचा हेतू. जेथे दोन्ही सह्यांची साधने, त्यांच्या गुप्त अंकांसह, संगणकचालकाच्या एकाच खणात पडून असतात तेथे कागदोपत्री दोघांनी सह्या केलेल्या असतात. वस्तुतः एकानेच केलेल्या असतात. लेखापरीक्षणात प्रश्न निघाला म्हणजे उत्तर मात्र ज्यांच्या नावाची सही आहे त्यांनाच द्यावे लागते. संगणकाच्या नोंदवहीत 'खण कोणाचा होता' हे उमटत नाही.

महिला सरपंचांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. महाराष्ट्राने २०११ मध्ये पंचायत राज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. निवडून आलेल्या भगिनीच्या डिजिटल सहीचे साधन पतीच्या वा दिराच्या खिशात आणि ओटीपीचा क्रमांक त्याच्याच भ्रमणध्वनीचा, असे जेथे असेल तेथे कायद्याने दिलेले पद एका छोट्याशा साधनाने परत काढून घेतले जाते. पूर्वी निदान सभेच्या इतिवृत्तावर तिला स्वतः सही वा अंगठा करावा लागे, चार माणसांत बसावे लागे. नव्या पद्धतीत तेवढीही गरज उरत नाही. म्हणून सरपंचपदाचे खाते उघडताना ओटीपीचा क्रमांक तिच्या स्वतःच्या हाती असलेल्या भ्रमणध्वनीचाच असावा, आणि गटविकास अधिकारी कार्यालयाने पहिला प्रवेश तिच्याकडून समक्ष करवून घ्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली जी दिवसभराची व्याख्याने होतात त्यांपेक्षा याचा उपयोग जास्त.

सेवा केंद्रात येणाऱ्या नागरिकाचीही हीच कथा. स्वतःचा भ्रमणध्वनी नाही, किंवा तो मुलाबरोबर सुरतेला गेला आहे, म्हणून वृद्ध अर्जदाराच्या खात्यास केंद्रचालकाचा क्रमांक जोडण्याची वाट सोपी वाटते. चालक प्रामाणिक असेलही. परंतु त्या क्षणापासून त्या वृद्धाची दाखल्यांपासून शिष्यवृत्तीपर्यंतची सर्व दारे चालकाच्या हाती जातात, आणि चालक बदलला तरी क्रमांक बदलत नाही. ज्याच्यापाशी भ्रमणध्वनी नाही त्याचा अर्ज कागदावर घेऊन पोच देण्याची सोय चालू ठेवणे हे मागासपणाचे लक्षण समजू नये.

दुसऱ्याचा परवलीचा शब्द वा डिजिटल सही अप्रामाणिकपणे वा कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-क खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तसेच २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी व कालमर्यादा ठरवून दिली आहे. विलंब कोणी केला हे संगणकाच्या नोंदीवरून पाहावयाचे झाल्यास, त्या नोंदीत ज्याचे नाव आहे त्यानेच खरोखर काम केले होते, एवढे तरी निश्चित असावे लागते.

बाहेर पडण्याचे दार

आत जाण्याची सोय करताना बाहेर पडण्याची सोय विसरली जाते. एका संकेतस्थळावरून बाहेर पडले म्हणजे ओळखकेंद्रातूनही बाहेर पडले, असे नेहमीच होत नाही. सेवा केंद्रातील एकाच संगणकावर सकाळपासून वीस माणसे येऊन जातात. पहिल्याने अर्ज भरून खिडकी बंद केली, पण केंद्रातील त्याचा प्रवेश चालूच राहिला, तर दुसऱ्याचा अर्ज पहिल्याच्या नावे जाण्याचा संभव असतो. अशा सामायिक संगणकांवर काही मिनिटे काम थांबताच प्रवेश आपोआप संपावा, अशी योजना विभागाने मागून घ्यावी.

सर्व व्यवस्था एका केंद्रावर अवलंबून ठेवण्याचे धोके बड्या कंपन्यांसही चुकलेले नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा त्या खात्याच्या आधारे प्रवेश देणाऱ्या इतर संकेतस्थळांची दारेही अडली. मायक्रोसॉफ्टची तिकिटांवर सही करण्याची एक गुप्त किल्ली चोरांच्या हाती लागली आणि २०२३ मध्ये तिच्या साहाय्याने बनविलेल्या खोट्या तिकिटांवर अमेरिकी सरकारच्या काही खात्यांचा पत्रव्यवहार वाचला गेला. कोणाचाही परवलीचा शब्द चोरावा लागला नाही. शिक्काच चोरला गेला होता. म्हणून ओळखकेंद्राची किल्ली ठराविक काळाने बदलावी, आणि केंद्र बंद पडल्यास वापरण्यासाठी प्रत्येक विभागाने एक-दोन आपत्कालीन खाती मोहोरबंद ठेवावीत. त्यांचा वापर झाला की वरिष्ठांस त्याच दिवशी कळावे.

राहिला बदलीचा प्रश्न. कार्यभार देताना कपाटाच्या किल्ल्या, रोकडवही, इतिवृत्त, गोल शिक्का यांची यादी करून दोघांनी सह्या करण्याची पद्धत जुनी व चांगली आहे. अलीकडे त्या यादीच्या शेवटी पासवर्डची चिठ्ठीही हातोहात दिली जाते. नवा अधिकारी जुन्याच्या नावाने काम करू लागतो, आणि जुन्याच्या नावावर तो दुसऱ्या तालुक्यात असतानाही सह्या पडत राहतात. एकल प्रवेशात खाते व्यक्तीचे असते, ते तिच्याबरोबर नव्या गावी जाते. मागे राहते ते पद, आणि पदाचा अधिकार एका नावावरून काढून दुसऱ्या नावास लावावयाचा असतो. तेव्हा कार्यभार यादीत चिठ्ठीच्या जागी दोन ओळी हव्यात: जुन्या अधिकाऱ्याचा अधिकार कोणत्या तारखेस व किती वाजता बंद केला, आणि नव्याचा कोणत्या तारखेस व किती वाजता सुरू केला. या दोन वेळांच्या मधल्या अवधीत देयके थांबतील, हे गटविकास अधिकाऱ्याने आधीच मान्य करून ठेवावे.